उपद्रष्ट्याचा अधिकार

महाभारताच्या सभापर्वात एक प्रसंग असा आहे की, कथेच्या ओघात वाचकाचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. मयासुराने बांधलेली सभा नुकतीच सिद्ध झाली आहे, राजसूयाची कल्पना अद्याप धर्मराजाच्या मनात उगवायची आहे, आणि अशा वेळी देवर्षी नारद तेथे येऊन, पूजा स्वीकारल्यानंतर, त्या तरुण राजाला एकामागून एक प्रश्न विचारू लागतात. दुर्ग धान्याने व शस्त्रांनी भरलेले आहेत ना, सैनिकांचे वेतन वेळेवर त्यांच्या हाती पडते ना, राज्यात ठिकठिकाणी जलाशय आहेत ना, अडलेल्या शेतकऱ्याला बियाणे आणि कर्ज मिळते ना, असे विचारता विचारता ते राजाच्या जमाखर्चापर्यंत येऊन पोचतात: गणक आणि लेखक रोज पूर्वाह्णी तुझ्यापुढे आयव्यय मांडतात ना, आणि तुझा खर्च उत्पन्नाच्या अर्ध्यात, चौथाईत, फार तर तीन चतुर्थांशात भागतो ना? रामायणात अयोध्याकांडी असाच दुसरा प्रसंग आहे. चित्रकूटावर भेटीला आलेल्या भरताला, पित्याच्या मरणाची वार्ताही अजून ऐकायची असताना, राम राज्यकारभाराविषयी विचारतो, आणि त्यातही आय विपुल आहे ना, व्यय त्याहून कमी आहे ना, कोश अपात्रांच्या हाती जात नाही ना, हे विचारायला तो विसरत नाही.

या दोन्ही प्रसंगांत विचारणारा कोण आहे हे मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. नारदाजवळ भूमी नाही, सैन्य नाही, कोश नाही; युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांना उत्तर दिले नसते तर त्याला काही करता आले नसते. रामाने तर राज्य आपण होऊन सोडलेले आहे, आणि ज्याला तो जाब विचारतो आहे त्याच्याच हाती त्या क्षणी अयोध्येचा सर्व कारभार आहे. म्हणजे आपल्या परंपरेने राजकोशाविषयी प्रश्न विचारण्याचे काम, एकदा नव्हे तर दोनदा, ज्याच्या हाती काहीच नाही अशा पुरुषाकडे सोपविले आहे. जो कर्ता नाही, ज्याच्या अंगी आपला निर्णय अमलात आणण्याचे सामर्थ्य नाही, त्याला कर्त्याकडे हिशेब मागण्याचा अधिकार कोठून येतो? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. परंतु आजच्या आपल्या प्रजासत्ताकात तो दिल्लीच्या संसदभवनातील समिती-कक्षांत रोज उभा असतो, आणि त्याचे उत्तर आपण काय देतो यावर कोट्यवधी निर्धन माणसांचे बरेवाईट अवलंबून असते.

संसदेच्या ज्या समित्या राष्ट्राच्या आर्थिक व्यवहारावर लक्ष ठेवतात त्यांचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. लोकलेखा समिती १९२१ साली, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या पाठोपाठ अस्तित्वात आली. अंदाज समिती १९५० साली, त्या वेळचे अर्थमंत्री जॉन मथाई यांच्या सूचनेवरून निघाली. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ सालची. आणि १९९३ साली खातेनिहाय स्थायी समित्यांची योजना झाली तेव्हा अर्थखात्याचा विचार करणारी वित्तविषयक स्थायी समिती निर्माण झाली, जिच्यात आज लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सभासद असतात. या समित्यांना कागदपत्रे मागविता येतात, सचिवांना व तज्ज्ञांना समोर बोलावून त्यांची साक्ष घेता येते, आणि अहवाल सभागृहापुढे ठेवता येतो. याच्या पलीकडे त्यांच्या हाती काही नाही. त्यांना तिजोरीतला एक रुपया अडविता येत नाही, एका कारकुनाची बदली करता येत नाही, आणि त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नसतात. सरकारने त्या शिफारशींवर काय केले हे ठराविक मुदतीत कळवावे एवढीच अपेक्षा आहे.

या अधिकाराचे समर्थन बहुधा दोन प्रकारांनी केले जाते. पहिले कायद्याचे: पैसा लोकांचा आहे, घटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही, ११४ व्या अनुच्छेदाप्रमाणे विनियोजनाच्या कायद्याशिवाय संचित निधीतून काही काढता येत नाही, आणि म्हणून ज्या सभेने मंजुरी दिली तिला विनियोगाचा हिशेब मागता आलाच पाहिजे. दुसरे समर्थन अविश्वासाचे आहे, आणि त्याचा आद्य आचार्य कौटिल्य होय. अर्थशास्त्रात त्याने राजधन हरण करण्याचे चाळीस प्रकार मोजून सांगितले आहेत, आणि अधिकारी खातोच असे गृहीत धरूनच लेखापरीक्षणाची सर्व इमारत उभारली आहे. दोन्ही समर्थने खरी आहेत, तथापि मला ती अपुरी वाटतात. कायद्याचे समर्थन अधिकार कोठून आला हे सांगते, परंतु त्याची आवश्यकता सांगत नाही. आणि अविश्वासाचे समर्थन पुरेसे मानले तर सर्व अधिकारी सच्छील असलेल्या राज्यात समितीची गरजच उरणार नाही असे मानावे लागेल. नारदाने प्रश्न विचारले ते धर्मराजाला, आणि रामाने विचारले ते भरताला. या दोघांच्या सचोटीविषयी शंका घेण्याइतका क्षुद्र ना विचारणारा होता, ना ते प्रश्न लिहून ठेवणारा कवी.

माझ्या मते या अधिकाराचे मूळ कर्तृत्वाच्या स्वरूपातच आहे. जो कर्म करतो त्याला ते कर्म करीत असताना पूर्णपणे दिसत नाही. त्याची दृष्टी फळावर, अडचणींवर, पुढच्या पावलावर खिळलेली असते, आणि आपण केले ते योग्यच होते असे मानण्याकडे त्याचे मन स्वभावतः झुकते. सांख्यांनी प्रकृती आणि पुरुष यांचा संबंध सांगताना आंधळ्याच्या खांद्यावर बसलेल्या पांगळ्याची उपमा दिली आहे, ती येथे मला शब्दशः लागू पडते असे वाटते: शासनाला पाय आहेत, समितीला डोळे आहेत, आणि ज्याला डोळे आहेत त्याला पायही दिले तर तो पाहणे सोडून चालू लागेल, व मग त्याच्यासाठी दुसरा कोणी पाहणारा शोधावा लागेल. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहस्थ परमपुरुषाची जी नावे गणली आहेत त्यांत भर्ता आणि भोक्ता यांच्याही आधी उपद्रष्टा हे नाव येते. जवळ बसून पाहणारा, पण हात न लावणारा, असा तो आहे, आणि कर्त्याच्या कृतीला अर्थ आणि मर्यादा येते ती त्याच्या त्या पाहण्याने. एका बाबतीत मात्र समिती सांख्यांच्या पुरुषापासून वेगळी आहे, आणि हा भेद विसरता कामा नये: तो पुरुष मूक आहे, समितीला मौनाची मुभा नाही. तिने पाहिले ते बोललेच पाहिजे, आणि ज्याच्या खांद्यावर ती बसली आहे त्याने ते ऐकलेच पाहिजे.

कर्ता आणि उपद्रष्टा एकच असला म्हणजे काय होते याचे उदाहरण या समितीच्याच इतिहासात आहे. १९२१ पासून प्रजासत्ताकाच्या प्रारंभापर्यंत लोकलेखा समितीचे अध्यक्षस्थान सरकारच्या अर्थसभासदाकडे असे, आणि तिचे दप्तर अर्थखात्याच्या हाती असे. ज्याने खर्च केला तोच खर्चाच्या तपासणीचा अध्यक्ष. त्या काळी त्या समितीत कष्टाळू आणि निर्भीड सभासद नव्हते असे कोणी म्हणू नये. पण परक्या सत्तेला आपल्यावर साक्षी नको होता, साक्षीचा देखावा हवा होता, हे या एका तरतुदीवरून स्पष्ट होते. १९५० साली ही समिती लोकसभाध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. तेव्हा त्या आसनावर गणेश वासुदेव मावळंकर होते. रत्नागिरीकडच्या घराण्यातला, बडोद्यात जन्मलेला आणि अहमदाबादेत वकिली केलेला हा गृहस्थ संसदीय प्रथांविषयी अत्यंत दक्ष होता, आणि समित्यांचे काम सभागृहाच्या कामाइतकेच पवित्र मानण्याची वृत्ती त्याने आपल्या कारकिर्दीत रुजविली. कोणताही मंत्री या समितीचा सभासद होऊ शकत नाही असा आज नियम आहे. घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी महालेखापरीक्षकाच्या पदाला न्यायासनाहूनही अधिक महत्त्वाचे मानले, तेही याच दृष्टीने. ज्याने रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला होता त्या पुरुषाला, पाहणारा स्वतंत्र नसला तर पाहण्याला किंमत नाही, हे वेगळे शिकविण्याची गरज नव्हती.

येथे मला एकनाथांच्या चरित्रातील एक कथा आठवते, जी महाराष्ट्रात लहानपणी प्रत्येकाने ऐकलेली असते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते, आणि एके दिवशी ताळा जमेना. एका पैची चूक राहिली होती. रात्रभर दिव्याच्या उजेडात वही पुढे घेऊन ते बसले, आणि पहाटेच्या सुमारास ती पै सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. गुरूने ते पाहिले आणि म्हटले की, एका पैच्या चुकीसाठी इतकी एकाग्रता, तर ती ईश्वराकडे लागली असता काय होईल! कीर्तनकार या कथेचा अर्थ असा सांगतात की, हिशेब क्षुद्र आणि ईश्वर थोर, आणि म्हणून चित्त एकीकडून काढून दुसरीकडे लावावे. अशा अर्थाला विरोध करण्याचे धाडस मी सहसा करीत नाही. पण या कथेत मला दुसरेही काही दिसते. ती पै नाथांची नव्हती. ती किल्ल्याची, म्हणजे शेवटी रयतेची होती, आणि जे आपले नाही त्याच्या एका पैसाठी रात्र जागणे हे चित्तशुद्धीचे साधन नसेल तर कोणते असेल? गुरूला शिष्याची पात्रता कळली ती त्याच्या ध्यानधारणेवरून कळली नाही; ती त्याने केलेल्या रुजवातीवरून कळली. परद्रव्याविषयीची अशी तत्परता हाच अध्यात्माचा पाया आहे, आणि लोकलेखा समितीच्या सभासदाने, आपल्या मतदारसंघातील लग्ने आणि उद्घाटने बाजूला सारून, महालेखापरीक्षकांचा शेकडो पानांचा अहवाल वाचायला बसावे, हे कृत्य मी त्याच कोटीतले मानतो. त्याच्यापुढचे आकडे एका पैचे नसतात. २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकातील एकूण खर्च सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा होता. एवढ्या मोठ्या आकड्यात पै दिसेनाशी होते, आणि तेथेच अधिक जागे राहण्याची गरज असते.

ज्याच्या हाती काही नाही अशा माणसाने हिशेब विचारला म्हणजे काय घडते, याचा आधुनिक दाखला महाराष्ट्रानेच दिला आहे, आणि त्याच्याकडे वळण्यात मला विशेष समाधान वाटते. १९०२ सालच्या मार्च महिन्याच्या २६ तारखेला, कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात, गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर प्रथमच बोलण्यास उभे राहिले. १८९२ च्या कायद्याप्रमाणे त्या मंडळातील सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत असे. त्यावर मत देता येत नसे. म्हणजे गोखल्यांच्या भाषणाने एका आकड्यातही बदल होणे शक्य नव्हते, आणि हे सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते. सरकारपाशी सुमारे ७ कोटी रुपयांची शिलक होती, आणि देशाच्या भरभराटीचा पुरावा म्हणून ती मांडली जात होती. फर्गसन महाविद्यालयात गणित शिकविलेल्या आणि अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिलेल्या या गृहस्थाने, रानड्यांपासून घेतलेल्या शिकवणीच्या आणि सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोश्यांनी जमविलेल्या आकड्यांच्या आधारावर, असे दाखवून दिले की, ही शिलक भरभराटीची नाही. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर चढविला गेला असतानाही करांचे जुने ओझे तसेच ठेवल्यामुळे ती साचली आहे. दुष्काळ आणि प्लेग यांनी खचलेल्या रयतेकडून, गरजेहून अधिक, ती वसूल झाली आहे. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. गरिबातल्या गरिबाच्या भाकरीला लागणारे ते मीठ, आणि त्याच्यावर सरकारची शिलक!

मत नव्हते, ठराव नव्हता, बहुमत नव्हते. तरीही पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरील कर मणामागे २ रुपयांवर आला, नंतर दीड रुपयावर, आणि १९०७ साली १ रुपयावर. प्राप्तिकराची सूट ५०० रुपयांच्या उत्पन्नावरून १००० वर गेली. हे सर्व गोखल्यांच्या एका भाषणाने झाले असे मी म्हणत नाही, कारण सरकारच्या स्वतःच्या सोयीचाही त्यात भाग होता. पण खऱ्या आकड्यांनिशी, संयमाने आणि कोणत्याही स्वार्थाशिवाय विचारलेल्या प्रश्नाला दुर्लक्षून टाकणे सत्ताधीशाला किती कठीण जाते, हे त्या सहा वर्षांत दिसून आले. आजच्या समित्यांजवळ गोखल्यांपेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. सचिवांना बोलावण्याचा अधिकार आहे, दप्तर मागविण्याचा अधिकार आहे. गोखल्यांचा अभ्यास त्यांच्यापाशी आहे की नाही, याचे उत्तर प्रत्येक सभासदाने आपल्याशीच द्यावयाचे आहे.

समित्यांविरुद्ध नेहमी केला जाणारा आक्षेप असा की, त्या पैसा खर्च होऊन गेल्यानंतर पाहतात. जे घडले ते पालटता येत नाही, मग हा खटाटोप कशासाठी? लोकलेखा समितीच्या बाबतीत हे खरेच आहे की, तिच्यापुढे येणारे व्यवहार बहुधा दोन-तीन वर्षांपूर्वीचे असतात. १९४८ साली लष्करासाठी जीपगाड्या घेण्याचा जो करार झाला त्यावर समितीने कडक टीका केली, आणि तरीही १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटले असे जाहीर करून टाकले. असल्या उदाहरणांनी मन खिन्न होते हे मी नाकारीत नाही. परंतु कर्म केल्याबरोबर संपते ही समजूतच आपल्या धर्मविचाराला मान्य नाही. कर्त्याने ज्याच्यासाठी कर्म केले त्याला उत्तर देईपर्यंत ते कर्म अपुरे असते. उत्तर दिले म्हणजेच ते त्याच्या हातून सुटते. शिवाय हिशेब भूतकाळाचा असला तरी त्याचा धाक भविष्याला असतो. आज ज्या टेबलावर एखादी निविदा मंजूर होते, त्या टेबलामागच्या अधिकाऱ्याला ठाऊक असते की, तीन वर्षांनी कोणीतरी या कागदावरचा शेरा मोठ्याने वाचून दाखवील. आपल्याकडे जिल्ह्यात विधिमंडळाची पंचायत राज समिती येणार अशी वार्ता लागली म्हणजे जिल्हा परिषदेतील कपाटे कशी उघडू लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या धाकाची शक्ती समजावून सांगायला नको.

याहून गंभीर प्रश्न खर्चाचा नसून धोरणाचा आहे, आणि येथे मला आपल्या व्यवस्थेची उणीव स्पष्टपणे सांगावीशी वाटते. रुपया योग्य रीतीने खर्च झाला की नाही हे पाहणे सोपे आहे. रुपयाचीच किंमत कोणी, कशासाठी आणि कोणाच्या जिवावर कमी-अधिक केली हे पाहणे कठीण आहे. महागाई वाढते तेव्हा कोणत्याही सभागृहाने मंजूर न केलेला एक कर मजुराच्या खिशातून वसूल होत असतो. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पतधोरण ठरविण्यासाठी सहा जणांची समिती आली. महागाईचे लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा, आणि सलग तीन तिमाह्यांत ही मर्यादा मोडली तर बँकेने कारणे व उपाय सरकारला कळवावे अशी तरतूद झाली. २०२२ साली तसे घडले, नोव्हेंबरात बँकेने सरकारला पत्र धाडले, आणि ते पत्र प्रसिद्ध झाले नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, असे कारण देण्यात आले. कायद्याचा शब्द तसा असेल. पण ज्यांनी ती महागाई सोसली त्यांना तिचे कारण कळू नये, आणि ज्यांनी ती सोसली नाही अशा दोन दप्तरांत ते पत्र राहावे, हे कोणत्या धर्मात बसते?

२०१६ च्या नोव्हेंबराची ८ तारीख सर्वांच्या स्मरणात आहे. देशातील चलनाच्या मूल्याने ८६ टक्के नोटा त्या रात्री रद्द झाल्या. पुढच्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर वित्तविषयक स्थायी समितीपुढे आले, परत आलेल्या नोटांचा आकडा त्यांना विचारला गेला, आणि तो त्या दिवशी मिळाला नाही; तो बँकेच्या वार्षिक अहवालातून ऑगस्ट २०१७ मध्ये बाहेर आला, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालाने परत आलेल्या नोटांचे प्रमाण ९९.३ टक्के असल्याचे सांगितले. निर्णय योग्य की अयोग्य हा वाद मी येथे उकरीत नाही. समितीने प्रश्न विचारला, हे तिचे कर्तव्य तिने केले. उत्तर तिला मिळावयास हवे होते ते सर्वांना मिळाले तेव्हाच तिलाही मिळाले, एवढे नोंदवून ठेवतो.

दुसरी उणीव अशी की, या आर्थिक समित्यांपुढे मंत्र्याला साक्षीला बोलावले जात नाही. ही जुनी वहिवाट आहे. सचिव येतात, उत्तरे देतात, आणि निर्णय ज्याचा होता तो दुसऱ्या दालनात असतो. नारदाने प्रश्न विचारले ते राजाला विचारले, गणक-लेखकांना नव्हे. मंत्री सभागृहाला जबाबदार आहे, समितीला नाही, असे या वहिवाटीचे समर्थन करण्यात येते. परंतु सभागृहात त्याला त्या निर्णयाच्या तपशिलाविषयी तासभर विचारण्याची सवड कोणाला मिळते? २०१८ आणि २०२३ या साली सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच मंजूर झाल्या. १९५८ च्या आरंभी मुंबईत मुख्य न्यायाधीश छागला यांच्या एकसदस्य आयोगापुढे आयुर्विमा महामंडळाच्या सव्वा कोटीच्या आसपास रकमेची मुंदडा कंपन्यांच्या शेअरांतील गुंतवणूक चौकशीला आली, तेव्हा चौकशी उघड्यावर झाली, ऐकायला लोकांनी गर्दी केली, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी स्वतः जबानी दिली, आणि काही आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला. तो आयोग होता, समिती नव्हती. पण निर्णय घेणारा माणूस लोकांसमक्ष उत्तर देतो तेव्हा राज्य दुबळे होत नाही, हे त्या दिवसांनी मुंबईकरांना दाखविले.

समित्यांच्या बैठकी बंद दाराआड होतात, याविषयी मात्र माझे मत पुष्कळांपेक्षा निराळे आहे. बंद दाराआड पक्षाचा प्रतोद नसतो, वृत्तपत्राचा बातमीदार नसतो, आणि म्हणून तेथे सत्तारूढ पक्षाचा सभासदही आपल्याच सरकारच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारू शकतो. लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडण्याची चाल नाही, १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे आणि मिनू मसानी हे त्या प्रघातातील पहिले अध्यक्ष. या साऱ्या प्रथांमागे अशी श्रद्धा आहे की, माणूस एकदा पाहणाऱ्याच्या आसनावर बसला म्हणजे पक्षाचा राहत नाही. ही श्रद्धा नेहमी फळत नाही. २०११ सालच्या एप्रिलमध्ये दूरसंचाराच्या परवान्यांविषयीच्या अहवालावरून याच समितीत जो गोंधळ झाला, आणि एका बाजूच्या सभासदांनी अध्यक्षांच्या अनुपस्थितीत अहवाल फेटाळल्याचे जाहीर केले, तो प्रसंग या आसनाला लागलेला डाग आहे. त्यात कोणती बाजू बरोबर होती याने तो डाग पुसला जात नाही. पण श्रद्धा भंगली म्हणून टाकून द्यावयाची नसते. मला वाटते, सभासदांमधील विचारविनिमय बंद दाराआड राहावा, आणि गव्हर्नर व अर्थमंत्री यांची साक्ष उघड्या दाराने व्हावी. पाहणाऱ्यांना आपापसांत मोकळेपणा हवा. उत्तर देणाऱ्याला मात्र ज्यांना उत्तर द्यावयाचे त्यांच्यासमोरच उभे राहू द्यावे.

आणखी एक गोष्ट, लहान दिसणारी पण मोठी. या समित्यांची मुदत एक वर्षाची असते. सभासदाला अर्थखात्याची भाषा कळू लागते, कोणत्या शीर्षाखाली काय दडलेले असते हे उमगू लागते, आणि वर्ष संपते. संपूर्ण लोकसभेच्या कालावधीसाठी समिती नेमल्याने काय बिघडेल हे मला समजलेले नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या मतदारसंघाचा खासदार भेटला म्हणजे आपण त्याला रस्त्याविषयी, पाण्याविषयी, रेल्वेच्या थांब्याविषयी विचारतो, आणि ते विचारणे योग्यच आहे. पण त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: आपण कोणत्या समितीवर आहात, गेल्या वर्षी तिच्या किती बैठकींना उपस्थित होता, आणि तिथे आपण काय विचारले? समित्यांचे अहवाल छापले जातात, सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात, संसदेच्या ग्रंथालयात मिळतात, आणि आता घरबसल्याही वाचता येतात. ते वाचणारे थोडे आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक सभेच्या काळापासून आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक परंपरा आहे; तिच्यातील एखाद्या तरुणाने वर्षातून निदान एक अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचावा आणि त्याविषयी आपल्या भाषेत लिहावे.